जुन्या लहान स्पोर्ट्‌स मोटारी आणि फेरफाराचा छंद : शंभर वर्षांचा मागोवा आणि पुढची वाट

आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडली असेल, हे आम्ही जाणतो. संतवाङ्‌मय, मराठेशाहीचा इतिहास, अर्थकारण, शिक्षण अशा विषयांची चर्चा ज्या मंडपात व्हावयाची, तेथे परदेशातील काही हौशी लोकांच्या मोटारीच्या नादाला तासभर का द्यावा, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. गेल्या शंभर वर्षांत सामान्य माणसाच्या घरात जितकी यंत्रे शिरली, तितकी त्यापूर्वीच्या हजार वर्षांत शिरली नव्हती. या यंत्रांशी माणसाचे नाते कोणते? तो त्यांचा नुसता गिऱ्हाईक आहे, की त्यांचा धनीही आहे? यंत्र उघडून पाहण्याचा, ते समजून घेण्याचा आणि आपल्या मताप्रमाणे त्यात बदल करण्याचा त्याला कितपत अधिकार आहे? हा प्रश्न पुढील काळात आपल्या सर्वांच्या दाराशी येणार आहे. त्याचा इतिहास एखाद्या लहान उदाहरणात पाहावयाचा झाल्यास जुन्या, लहान, दोन आसनांच्या स्पोर्ट्‌स मोटारीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, असे आम्हांस वाटते.

स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे श्रीमंतांची अफाट किमतीची गाडी, असा समज आपल्याकडे आहे. प्रस्तुत विषयाशी त्या गाड्यांचा संबंध नाही. येथे ज्या मोटारींचा विचार करावयाचा त्या कारकून, शिक्षक, विद्यार्थी, तरुण अभियंता यांना परवडतील अशा होत्या. पुढे लहानसे इंजिन, मागच्या चाकांना गती, दोघांपुरती जागा, वर कापडी टप आणि वजन शक्य तितके कमी, एवढेच त्यांचे लक्षण. त्यांचे माहेर इंग्लंड. उतारवयात त्यांना दुसरा जन्म दिला तो जपानने. म्हणून आपली कथाही मुख्यतः या दोन देशांत घडते.

आरंभ १९२२ सालापासून करू. पहिले महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती. मोटारीच्या कारखान्याचे मालक सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी मध्यमवर्गीय कुटुंबासाठी एक अगदी लहान मोटार काढण्याचे मनात घेतले. त्यांच्या संचालकांना ही कल्पना मानवली नाही. तेव्हा ऑस्टिन यांनी आपल्या राहत्या घरातील बिलियर्ड्‌सच्या खोलीत स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या नकाशेकाराला हाताशी धरून तिचे आराखडे काढले. हीच ऑस्टिन सेव्हन. किंमत आरंभी १६५ पौंड; इंजिन लवकरच ७४७ घनसेंटिमीटरचे झाले. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ २,९०,००० मोटारी निघाल्या. जर्मनीत ही गाडी डिक्सी या नावाने परवान्यावर बनत असे. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९२८ मध्ये तो कारखाना घेतला आणि त्या कंपनीच्या मोटार-व्यवसायाचा श्रीगणेशा याच लहान गाडीने झाला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र कारखान्याबाहेर घडली. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्यावर दहा-पंधरा वर्षांत त्यांतील पुष्कळ जुन्या झाल्या आणि कवडीमोलाने मिळू लागल्या. त्यांची चासी साधी, इंजिन साधे, सुटे भाग गावोगाव मिळणारे. तेव्हा खिशात थोडे पैसे आणि हातात थोडी कला असलेल्या तरुणांनी त्यांच्यावरील जड कौटुंबिक बॉडी उतरवली, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची हलकी बॉडी स्वतः ठोकून बसवली आणि इंजिनात सुधारणा करून त्या शर्यतीत उतरवल्या. अशा घरगुती गाड्यांना तेथे 'स्पेशल' म्हणत. अशा मंडळींसाठी १९३९ मध्ये '७५० मोटर क्लब' निघाला. त्याच्या नावातला आकडा ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनावरूनच घेतलेला आहे.

या अंगणातल्या उद्योगातून पुढे काय निघाले, हे पाहिले म्हणजे त्याला पोरखेळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली स्पेशल उभी केली. जागा होती त्याच्या भावी पत्नीच्या आईवडिलांच्या घरामागचे गॅरेज. तीच पहिली लोटस. त्या नावाच्या संघाने पुढे शर्यतींच्या सर्वोच्च श्रेणीत निर्मात्यांचे जागतिक विजेतेपद सात वेळा मिळवले. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन या मुलाच्या वडिलांनी एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर घेतली. तिच्यावरच तो यंत्र शिकला आणि पंधराव्या वर्षी स्पर्धेत उतरला. त्याच्या नावाचा संघ आज सर्व जगाला ठाऊक आहे. गरिबाची मोटार, उघडून पाहण्याची मुभा आणि शिकण्याची हौस, एवढ्या भांडवलावर हे घडले.

आता दुसरी परंपरा पाहू. ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस यांच्या मोटारी विकणारे व दुरुस्त करणारे 'मॉरिस गॅरेजेस' नावाचे दुकान होते. सेसिल किंबर १९२२ मध्ये त्याचे व्यवस्थापक झाले. मॉरिसची रोजच्या वापराची गाडी घ्यायची, तिच्यावर देखणी बॉडी चढवायची, कमानी आणि इंजिन थोडे सुधारायचे आणि ती वेगळ्या नावाने विकायची, असा त्यांनी परिपाठ ठेवला. दुकानाच्या आद्याक्षरांवरून त्या गाड्यांना 'एम.जी.' हे नाव पडले. १९२८ च्या प्रदर्शनात त्यांनी मांडलेली 'मिजेट' ही मॉरिस मायनर या लहान गाडीवरून केलेली होती: ८४७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाची बॉडी. अशा तीन हजारांहून अधिक गाड्या खपल्या. थोड्याच काळात अॅबिंग्डन या गावी एम.जी.चा स्वतंत्र कारखाना गजबजू लागला.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल, आणि आमच्या आजच्या विवेचनाचा तीच पाया आहे. लहान स्पोर्ट्‌स मोटार ही आधी पवित्र, पूर्ण वस्तू म्हणून जन्मली आणि मागाहून हौशी लोकांनी तिच्यात हात घातला, असा प्रकार नाही. ती फेरफारातूनच जन्मली. चॅपमनने गॅरेजात केले तेच किंबर यांनी दुकानात केले. सामान्यांच्या गाडीचे सामान्य भाग वेगळ्या हेतूने जुळवणे, हेच तिचे कूळ. तेव्हा फेरफार करणाऱ्याला या परंपरेचा शत्रू समजणे इतिहासाला धरून नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कथेने अटलांटिक ओलांडला. १९४५ ते १९४९ या काळात एम.जी.च्या टी.सी. नावाच्या सुमारे १०,००० गाड्या निघाल्या. त्यांतील मोठा वाटा देशाबाहेर गेला आणि सुमारे दोन हजार अमेरिकेस पोहोचल्या. लांबरुंद गाड्यांची सवय असलेल्या अमेरिकनांना ही अरुंद चाकांची चिमुकली गाडी प्रथम खेळण्यासारखी वाटली, पण वळणावरची तिची चपळाई पाहून अनेकांना तिचा छंद जडला. युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला डॉलर हवे होते. तेव्हा हा छंद राष्ट्राच्या तिजोरीलाही उपयोगी पडला.

१९५८ मध्ये डॉनल्ड हीली यांनी आखलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट आली. बॉनेटवर उभारलेल्या दोन दिव्यांमुळे तिला लोकांनी 'फ्रॉगआय' म्हणजे बेडूकडोळी म्हटले. दिवे मिटण्या-उघडण्याची यंत्रणा आधी योजली होती. खर्च वाचावा म्हणून ती गाळली आणि त्यामुळेच ते रूप आले. बाहेरून दाराला मूठ नाही, मागे डिकीचे झाकण नाही, सामान ठेवायचे ते आसनामागून सरकवून. इंजिन ९४८ घनसेंटिमीटरचे आणि पुढच्या कमानी ऑस्टिनच्या ए-३५ गाडीवरून घेतलेल्या. स्टिअरिंगची यंत्रणा मॉरिस मायनरची. म्हणजे तिच्या मालकाला सुटा भाग हवा असल्यास शेजारच्या शिक्षिकेच्या साध्या गाडीचा भागही चालत असे.

या इंजिनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण फेरफाराची विद्या त्याच्यावरच वाढली. 'ए' मालिकेचे हे इंजिन १९५१ मध्ये ८०३ घनसेंटिमीटरचे म्हणून निघाले आणि शेवटची जुनी मिनी तयार झाली त्या २००० सालापर्यंत निरनिराळ्या आकारांत बनत राहिले. त्याच्या रचनेत एक अडचण होती. सिलिंडर चार, पण आत हवा आणि पेट्रोल घेणाऱ्या वाटा दोनच. दोन दोन सिलिंडरांना मिळून एक. जळलेला वायू बाहेर जाण्यास तीन वाटा. ही कोंडी फोडण्यासाठी कोणी त्या वाटा घासून गुळगुळीत व रुंद केल्या, कोणी व्हॉल्व्ह मोठे बसवले, कोणी कॅमशाफ्ट बदलून व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवले, कोणी सिलिंडरचे डोके तासून दाब वाढवला. अशा सुधारणा करून देणाऱ्या 'स्पीडवेल' या लहान कंपनीत तरुण ग्रॅहम हिल होता. तोच पुढे १९६२ आणि १९६८ मध्ये जगज्जेता झाला. हवा कशी वाहते, धातू कोठे थकतो, तेल कोठे कमी पडते, याचे शिक्षण हजारो तरुणांना कोणत्याही विद्यापीठाविना या एका इंजिनाने दिले.

कायद्याचा हात या छंदाला प्रथमपासूनच लागत आला आहे. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर असे, पण सुट्या भागांच्या संचावर तो नसे. चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन काढली ती संच म्हणूनही विकली. संचाबरोबर जुळणीच्या सूचना देण्यास मनाई असल्यामुळे गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचत असे, असे सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तिची वंशज गाडी आजही बनते.

मग पडता काळ आला. अमेरिकेने १९६६ मध्ये वाहनांच्या सुरक्षिततेचा आणि १९७० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा केला. दोन्ही कायदे लोकहिताचे होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण १९६२ मध्ये जन्मलेल्या एम.जी.बी. या गाडीवर त्यांचा भार जड पडला. १९७४ मध्ये तिला जाड काळे रबरी बंपर लागले, दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून तिची बैठक उचलावी लागली आणि अमेरिकेसाठीच्या गाडीचे इंजिनही मंदावले. मालक कंपनी स्वतःच डबघाईला आली होती. नवी गाडी आखण्यास पैसा नव्हता. अखेर ऑक्टोबर १९८० मध्ये अॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. तोवर एम.जी.बी.च्या पाच लाखांवर गाड्या निघाल्या होत्या. लहान उघड्या स्पोर्ट्‌स मोटारीचे युग आटोपले, असे पुष्कळांना वाटले.

येथून पुढचा भाग आम्ही विशेष महत्त्वाचा मानतो. कारखाना मेला, पण छंद मेला नाही. मालकांचे क्लब होते, जुने मिस्त्री होते, सुटे भाग बनवणारी लहान दुकाने होती. इंग्लंडच्या पावसात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने या गाड्यांचे पत्रे गंजून जात. तेव्हा 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने जुने साचे शोधून काढले आणि १९८८ पासून एम.जी.बी.ची संपूर्ण बॉडी नव्याने दाबून विकण्यास आरंभ केला. बंद पडलेल्या गाडीचा सांगाडा, ती बंद पडल्यावर आठ वर्षांनी, नवा कोरा मिळू लागला. पुढे शिसे घातलेल्या पेट्रोलचे संकट आले. जुन्या इंजिनांत ज्या बैठकीवर व्हॉल्व्ह आपटतो तिला शिशाचा थर राखत असे. शिसे गेले की ती बैठक झिजून व्हॉल्व्ह खोल रुतत जाई. ब्रिटनमध्ये २००० सालच्या आरंभी या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. आता जुन्या गाड्या भंगारात जाणार, असे भाकीत झाले होते. प्रत्यक्षात मालकांनी सिलिंडरच्या डोक्यात कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या आणि गाड्या चालत राहिल्या. संकटातून वाट काढली ती फेरफारानेच.

दुसरा जन्म जपानात झाला. हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीपुढे बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९ च्या सुमारास असा विचार मांडला होता की, इंग्रजांची साधी, हलकी, उघडी गाडी कोणीतरी पुन्हा काढली पाहिजे. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात माझ्दा एम.एक्स.-५ उभी राहिली. १.६ लिटरचे इंजिन, हजार किलोंच्या आत वजन, मागच्या चाकांना गती. रूप इंग्रजी वळणाचे, पण तेल न गळणारी आणि सकाळी हटकून सुरू होणारी. एप्रिल २०१६ मध्ये या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनांच्या स्पोर्ट्‌स मोटारींत एवढा खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा नाही.

आज या छंदाचा मध्य या गाडीकडे सरकला आहे. पहिल्या पिढीच्या एम.एक्स.-५ आता तीस वर्षांच्या पलीकडे गेल्या आहेत. ऑस्टिन सेव्हनचे जे १९५० च्या आगेमागे झाले तेच यांचे झाले: संख्या मोठी, रचना समजण्याजोगी, भाग मुबलक. कोणी कमानी आणि टायर बदलतो, कोणी टर्बो बसवतो. अमेरिकेत कोणी कोणी आठ सिलिंडरांचे इंजिनसुद्धा तिच्या पोटात घालतात. स्वतः माझ्दाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि टप, लाकडी स्टिअरिंग, त्या काळचे टायर असे भाग पुन्हा उपलब्ध करण्याचे ठरवले. निर्मात्याने आपल्या तीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गाडीची अशी जबाबदारी घेणे, ही आम्हांस शुभचिन्हासारखी गोष्ट वाटते.

एवढा इतिहास पाहिल्यावर भविष्याकडे वळण्यास हरकत नाही. भाकीत करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. परंतु वारा कोणत्या दिशेचा आहे एवढे त्याने सांगावे.

पहिला प्रश्न इंधनाचा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब करते. यावर उपाय आहे: नळ्या नव्या जातीच्या बसवायच्या, कार्ब्युरेटर पुन्हा जुळवायचा. केवळ पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री २०३० पासून थांबवण्याचे ब्रिटिश सरकारचे धोरण आहे. ते नव्या गाड्यांपुरते आहे, जुन्या चालवण्यास त्याने बंदी होत नाही. तथापि रस्त्यावरील बहुसंख्य गाड्या विजेच्या झाल्या म्हणजे पेट्रोलचे पंप विरळ होणार, हे उघड आहे. वर्षातून हजार-दोन हजार मैल फिरणाऱ्या छंदाला त्यामुळे त्रास होईल. तेवढ्याने तो मरेल असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. जुन्या गाडीचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवण्याचा उद्योग अनेक देशांत सुरू झाला आहे. ही परंपरेशी द्रोह आहे की परंपराच आहे, यावर कडाक्याचे वाद होतात. जुन्या वाहनांच्या मालकसंस्थांचा फिवा नावाचा एक जागतिक संघ १९६६ पासून आहे. अशी बदललेली गाडी ऐतिहासिक वाहन म्हणून मानता येणार नाही. मात्र कोणास बदल करावयाचाच असेल तर तो उलट फिरवता येईल असा करावा व काढलेले भाग जपून ठेवावेत, असे त्या संघाचे म्हणणे आहे. उत्तरार्ध आम्हांस पूर्ण मान्य आहे. पूर्वार्धाबाबत एवढेच म्हणू की, चॅपमनने ऑस्टिनची बॉडी उतरवली तेव्हा हाच नियम लावला असता तर लोटस जन्मली नसती. मात्र अडचण तत्त्वाची नसून वजनाची आहे. बॅटरी जड असते आणि या गाड्यांचा सारा जीव हलकेपणात आहे.

तिसरा प्रश्न मूळ रूपाचा. आपल्याकडे जीर्णोद्धाराचा विचार जुना आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर पडकी देवळे उभी केली. दगड नवे होते, कारागीर नवे होते, तरी क्षेत्र तेच राहिले. पण गाभाऱ्यालाच धक्का लावला तर तो जीर्णोद्धार म्हणता येईल काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडतो. मोटारीचा गाभारा कोणता? ब्रिटनच्या नोंदणी कार्यालयाने अनेक वर्षे याचे उत्तर गुणांत दिले: चासी किंवा मूळ बॉडीला पाच गुण, कमानी, अॅक्सल, गिअरबॉक्सची यंत्रणा आणि स्टिअरिंग यांना दोन दोन, आणि इंजिनाला फक्त एक. जुना नोंदणीक्रमांक राखण्यास आठ गुण लागत. ऑगस्ट २०२५ पासून तेथील धोरण आणखी सैल झाले. मोठे बदल केलेली किंवा विजेवर नेलेली जुनी गाडीही, बदलाची रीतसर नोंद केल्यास, आपली मूळ ओळख राखू शकते. लपवून बदल करण्यापेक्षा सांगून बदल करणे बरे, हे तत्त्व त्यात आहे व ते शहाणपणाचे आहे.

येथे आपल्या देशाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स कंपनीची हेरल्ड गाडी १९६१ पासून आपल्या रस्त्यांवर दिसू लागली होती. तिची मूळ बहीण ट्रायम्फ हेरल्ड. आणि त्याच हेरल्डची चासी आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली स्पिटफायर ही लहान स्पोर्ट्‌स मोटार तयार झाली. म्हणजे त्या कुळाचा एक धागा आपल्यापर्यंत आला होता. परंतु परवाने, टंचाई आणि भारी कर यांच्या काळात तो छंदापर्यंत पोहोचणे कठीण होते. आपल्या मिस्त्रींनी फेरफाराची कला वापरली ती गाडी कशीबशी चालती ठेवण्यासाठी. आज कायदा वेगळ्या दिशेने कडक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेला बाध येईल असा फेरफार वाहनात करता येणार नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांतही वाहन मूळ स्वरूपात असावे, अशी अट आहे. बेफाम आवाज आणि झगझगीत दिवे लावून हिंडणाऱ्या गाड्यांचा उपद्रव पाहता या कडकपणाचे कारण समजते. तरीही जबाबदारीने, तपासणी करून घेऊन, बदल करणाऱ्यासाठी एखादी सरळ वाट असावी, असे आम्हांस वाटते. ब्रिटनचा अनुभव त्या कामी उपयोगी पडेल.

फेरफार करणाऱ्यांनीही काही पथ्य पाळले पाहिजे. फ्रॉगआय स्प्राइटला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि ते त्रेचाळीस अश्वशक्तीच्या बेताचे होते. इंजिनाची शक्ती दुप्पट करून ब्रेक तसेच ठेवणारा माणूस हौशी नव्हे, बेजबाबदार आहे. आधी ब्रेक, मग कमानी व टायर, आणि शेवटी इंजिन, हा क्रम जाणत्या मिस्त्रींनी सांगितलेला आहे. काढलेला प्रत्येक भाग कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवावा आणि केलेल्या प्रत्येक बदलाची वहीत तारीखवार नोंद करावी. अशी वही असलेली गाडी पुढच्या धन्याच्या हाती इतिहासासह जाते. वहीविना गेलेली गाडी नुसते कोडे होऊन जाते.

चौथा प्रश्न शेवटचा, आणि आमच्या मते सर्वांत कठीण. तो इंधनाचा नाही, कायद्याचाही नाही, माणसांचा आहे. दोन सारख्या कार्ब्युरेटरांत हवा समान जाते की नाही हे कानाला नळी लावून ओळखणारे, पत्रा हाताने ठोकून त्याला गोलाई देणारे कारागीर वृद्ध होत चालले आहेत. ही विद्या पुष्कळशी पुस्तकात नाही, हातात आहे. दुसऱ्या बाजूने, आज तयार होणाऱ्या मोटारी दहा-वीस संगणक पोटात घेऊन येतात आणि त्यांतील आज्ञावली कुलूपबंद असते. पहिल्या एम.एक्स.-५ मध्येही संगणक होता, पण तो एकच, आणि इंजिनापुरता. हौशी लोकांनी त्याची भाषा शिकून घेतली. आजची गाडी तीस वर्षांनी जुनी होईल, तेव्हा पान्याने ती उघडेल. तिच्या आज्ञावलीची किल्ली मात्र कोणापाशी असेल? चासी सापडेल, टायर मिळतील, हरवलेला भाग त्रिमिती छपाईने पुन्हा करता येईल. पण ज्याची किल्ली निर्मात्याने दिली नाही आणि निर्माता स्वतः बुडाला, त्या यंत्राचा जीर्णोद्धार कसा करावा? अॅबिंग्डन बंद पडल्यावर साचे सापडले म्हणून एम.जी.बी. तरली. पुढच्या काळातले साचे पत्र्याचे नसून आज्ञावलीचे आहेत. ते जपून ठेवण्याचे बंधन निर्मात्यांवर आजच घातले नाही, तर उद्याच्या तरुणाला चॅपमनची संधी मिळणार नाही.

तात्पर्य हे की, जुन्या लहान मोटारींत फेरफार करण्याचा छंद लवकर नाहीसा होईल, असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही. युद्ध, कर, कडक कायदे, कारखान्यांचे बंद पडणे, पेट्रोलमधील बदल, इतके आघात त्याने सोसले आणि प्रत्येक वेळी आपले हत्यार वापरूनच तो तगला. १९८९ च्या एम.एक्स.-५ ब्रिटनमध्ये २०३० च्या सुमारास चाळिशी ओलांडून ऐतिहासिक वाहनांच्या करमाफीस पात्र ठरू लागतील. म्हणजे नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री जेव्हा थांबावयाची, नेमक्या त्याच वेळी जुन्या गाड्यांची एक मोठी पिढी वारशाच्या पंगतीत येऊन बसेल. तिच्या भोवती जमणाऱ्यांत वृद्ध संग्राहकच असतील, की हात काळे करण्यास तयार असलेली मुलेही असतील, यावर सारे अवलंबून आहे.

ती मुले यावीत अशी इच्छा असणाऱ्यांनी आपल्या गॅरेजची दारे उघडी ठेवली पाहिजेत. शाळेतल्या मुलाला एखाद्या रविवारी जुने इंजिन सोडवू द्यावे, चुकू द्यावे, पुन्हा जोडू द्यावे. हे करण्यास इंग्लंड-जपानला जाण्याची गरज नाही आणि स्पोर्ट्‌स मोटारही लागत नाही. आपल्या गावातल्या कोणत्याही मिस्त्रीच्या शेडमध्ये एखादी थकलेली स्कूटर उभी असतेच. ज्याने ती एकदा स्वतःच्या हाताने सुरू केली, तो पुढे कोणत्याही यंत्राचा नुसता गिऱ्हाईक राहणार नाही.